कोंडिविट्याहून मरोळला

मध्यंतरी आमच्या स्टाफरूममध्ये एक व्हिडिओ फिरत होता. युरोपातलं एक भलंमोठं चर्च, दोन उंच मनोरे, रंगीत काचांच्या खिडक्या, आणि आत गालिचे अंथरून नमाजाच्या सफा लागलेल्या. खाली उर्दूत लिहिलं होतं की बघा, चर्च रिकामी पडतायत आणि इस्लाम पसरतोय. कुणी ‘सुभानल्लाह’ लिहिलं होतं, कुणी ‘माशाअल्लाह’. एका सरांनी मला फोन दाखवत विचारलं, “मॅडम, पाहिलंत?” मी हो म्हटलं आणि वह्या तपासत राहिले. पण दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही.

तो व्हिडिओ ॲमस्टरडॅमचा होता. रोझनग्राख्त नावाच्या रस्त्यावर ही इमारत आहे, आज तिचं नाव फातिह मशीद. 1920च्या दशकाच्या शेवटी तिथे जेज्युइट पंथाच्या पाद्र्यांनी चर्च बांधलं. भाविक कमी होत गेले आणि 1971 साली ते बंद झालं. मग तिथे गालिच्यांचं दुकान निघालं, आणि 1980च्या दशकाच्या सुरुवातीला तुर्की मुसलमानांनी ती जागा घेऊन मशीद केली. म्हणजे मशीद आली तेव्हा चर्च बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. आपण कुणाला हरवलं नव्हतं. एक जमात आधीच उठून गेली होती, मधल्या काळात तिथे गालिचे विकले गेले, मग आपण आलो.

त्या उठून गेलेल्या जमातीचं काय झालं, असं मात्र त्या व्हिडिओखाली कुणी विचारलं नव्हतं. शेवटच्या रविवारी कोण आलं होतं? ज्या म्हातारीचं लग्न तिथे लागलं, ती पुढच्या रविवारी कुठे गेली? तिला कुणी सांगितलं, कसं सांगितलं?

हे प्रश्न मला पडायला कारण आहे. बंद झालेलं एक चर्च माझ्या रोजच्या वाटेजवळ आहे. तेही जेज्युइटांनीच बांधलेलं. अंधेरी पूर्वेला, सीप्झच्या कुंपणाच्या आत.

सीप्झ म्हटलं की आपल्या लोकांना आठवतात सोन्या-हिऱ्यांचे कारखाने, कॉम्प्युटरच्या कंपन्या, संध्याकाळी सुटणाऱ्या माणसांचे लोंढे आणि रिक्षासाठीची मारामारी. आता त्या नावाचं मेट्रो स्टेशनही झालंय. माझे कितीतरी माजी विद्यार्थी तिथे दागिन्यांच्या युनिटमध्ये काम करतात. त्यातल्याच एकाने मला पहिल्यांदा सांगितलं होतं, “टीचर, आत जंगलात एक पडका किल्ला आहे.” तो किल्ला नाही. ते संत जॉन बाप्तिस्त यांचं चर्च आहे, 1579 सालचं. छप्पर कधीच गेलंय, दर्शनी भिंत आणि घंटेचा मनोरा उभा आहे, कमानींमधून झाडं उगवलीत आणि मुळांनी दगड धरून ठेवलेत की फोडलेत, ते कळत नाही.

या गावाचं नाव कोंडिविटा. महाकाली लेणी म्हणतो ती मूळची कोंडिविट्याची बौद्ध लेणी. इसवी सनाच्या आधीपासून पुढे कित्येक शतकं तिथे भिक्खू राहिले आणि मग तेही गेले. त्यांच्यामागे खडकात कोरलेल्या खोल्या राहिल्या. त्या टेकडीच्या आसपास माणसं देवाला शोधायला येतात, राहतात आणि जागा सोडून जातात, हे चर्चच्या फार आधीपासून चालू आहे.

1534 साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्याबरोबर साष्टी बेट पोर्तुगीजांच्या हवाली केलं. साष्टी म्हणजे आजचं वांद्र्यापासून दहिसर-ठाण्यापर्यंतचं उपनगर. पोर्तुगीजांच्या मागोमाग मिशनरी आले. ही गोष्ट गोड करून सांगण्यात अर्थ नाही. बोरिवलीला मंडपेश्वराची शैव लेणी आहेत, तिथे फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी लेण्याचंच चर्च केलं आणि वर मठ बांधला. राज्यसत्ता पाठीशी असताना झालेलं धर्मांतर किती मनाने आणि किती नाइलाजाने, हा वाद इतिहासकार घालतात, त्यांना घालू द्या. मात्र कोंडिविटा-मरोळचे शेतकरी, वेसावे-वांद्र्याचे कोळी जे ख्रिस्ती झाले, ते पुढे पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती राहिले, आणि घरात बोलत राहिले मराठीच. आज त्यांना आपण ईस्ट इंडियन म्हणतो. हे नाव 1887 सालचं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी त्यांनी स्वतः घेतलेलं. गोव्याहून नोकरीला येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, इथले मूळचे, हे इंग्रजाला कळावं म्हणून. मूळच्या माणसाला आपण मूळचे आहोत हे सांगायला इंग्रजी नाव घ्यावं लागलं, हा विनोद मुंबईतच होऊ शकतो.

पोर्तुगीज गेले तरी चर्च राहिलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. मराठ्यांनी 1737 साली साष्टी घेतली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. युरोपियन पाद्री निघून गेले. पुष्कळ चर्चं ओस पडली. वसईच्या किल्ल्यात फिरताना जे सांगाडे दिसतात ते त्याच काळाचे. साष्टीतल्या ख्रिस्ती लोकांना सांभाळलं ते गोव्याहून आलेल्या, आपल्यासारख्याच रंगाच्या पाद्र्यांनी. 1774 मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली. म्हणजे कोंडिविट्याच्या चर्चने तीन राज्यं पाहिली आणि तिन्हींत ते चालू राहिलं. राजाचं पाठबळ गेलं की धर्म गळून पडतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा हिशोब करून पाहावा. 1737 ते 1840, शंभराहून जास्त वर्षं, पोर्तुगीज राजाशिवाय.

त्याला बंद केलं ते साथीने.

1840 साली कोंडिविट्यात साथ आली, माणसं मेली, उरलेल्यांनी गाव सोडलं. मरोळ तिथून चालत अर्ध्या-पाऊण तासावर. वस्ती तिकडे सरकली तशी चर्चही तिकडे न्यायचं ठरलं, आणि मरोळला नवं चर्च उभं राहिलं, संत जॉन इव्हँजेलिस्ट यांच्या नावाचं. मरोळच्या मिलिटरी रोडवर आजही ते भरलेलं असतं.

नवं चर्च नव्या सामानाने सजवलं नाही. जुन्या चर्चमधल्या वेद्या, मूर्ती, खांब आणि बाप्तिस्म्याचं कुंड मरोळला नेण्यात आलं. ज्या पात्रातल्या पाण्याने कोंडिविट्याच्या पोरांना नाव मिळत होतं, तेच पात्र. खांबांचं एक वेळ समजू शकते, त्या काळी कोरीव खांब फुकट सोडणं परवडणारं नव्हतं. पण नवं कुंड करून घेता आलं असतं. कुंड नेलं ते काटकसर म्हणून नाही, असं मला वाटतं. जो माणूस साथीत पोरं पुरून, घराला कडी लावून मरोळला येऊन पडलाय, त्याला आत शिरल्यावर दिसलं पाहिजे की ज्यात आपल्या आज्याचा बाप्तिस्मा झाला ते इथे आहे. मग ती जागा परकी राहत नाही.

कॅथलिक चर्च बंद करायची रीत मी वाचली तेव्हा तिचं मला आश्चर्य वाटलं. आपल्याकडे असं काही नाही. शेवटची मिस्सा होते. मिस्सेतला पवित्र प्रसाद, जो त्यांच्या श्रद्धेप्रमाणे येशूचं शरीर आहे, वेदीजवळच्या पेटीतून काढून पाद्री तो नव्या जागी नेतो. त्या पेटीजवळ रात्रंदिवस एक दिवा तेवत असतो, तो विझवतात. वेदीच्या दगडात संतांचे अवशेष असतात, तेही काढून नेतात. आणि वह्या नेतात. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या नोंदींच्या वह्या. आजच्या चर्च-कायद्यात, म्हणजे 1983च्या संहितेत, असं आहे की गंभीर कारण असेल तर बिशपने आपल्या पाद्र्यांच्या मंडळाचं ऐकून घेऊन चर्च सामान्य वापरासाठी मोकळं करावं, ज्यांचे त्यावर कायदेशीर हक्क आहेत त्यांची संमती असावी, भाविकांच्या आत्म्याचं नुकसान होऊ नये, आणि तो वापर हीन असू नये. ही शेवटची अट मला फार आवडली. उद्या तिथे वाचनालय करा, गोदामसुद्धा करा, पण लाज वाटेल असं काही नको. बंद दरवाजाचीही इज्जत असते.

1840 साली कोंडिविट्याच्या पाद्र्यासमोर ही संहिता नव्हती. त्याच्यासमोर साथ होती. आणि डोक्यावर एक भांडण होतं. दोनच वर्षांपूर्वी, 1838 मध्ये, पोपने इंग्रजांच्या मुलखातला गोव्याच्या पोर्तुगीज व्यवस्थेचा अधिकार काढून घेतला होता. गोव्याच्या बाजूच्यांनी तो हुकूम मानला नाही. साष्टीतली बहुतेक चर्चं गोव्यालाच धरून राहिली. पुढे कित्येक वर्षं मुंबईच्या ख्रिस्ती लोकांत ‘तू कुठल्या बिशपचा’ यावरून भांडणं झाली. आपल्याकडे एका गल्लीत दोन मशिदी आणि दोघांचे चंद्र वेगळे, त्यातलाच हा प्रकार. अशा वेळी मेलेल्यांना मूठमाती द्यायची, जिवंतांना धीर द्यायचा, मरोळला जागा करायची आणि बैलगाडीतून वेदी वाहून न्यायची.

मी शिक्षिका आहे, म्हणून मला हे दुसऱ्या बाजूनेही दिसतं. माझी पहिली नोकरी एका उर्दू माध्यमाच्या प्राथमिक शाळेत होती. पटसंख्या घसरली आणि शाळा दुसऱ्या शाळेत मिसळायची ठरली. ठरलं असेल कुठल्या तरी कार्यालयात. आम्हाला मे महिन्यात कळलं, पालकांना कुणी कळवलंच नाही. जूनमध्ये पोरं नवे रिबीन बांधून आली आणि दाराला कुलूप. एक आई मला विचारत होती, “मग आता हे पोर कुणाचं?” नवी शाळा दोन सिग्नल पलीकडे होती, तिथे आमच्या पोरांना वर्षभर ‘त्या शाळेचे’ म्हणत. आमचं जनरल रजिस्टर, ज्यात माझ्या अक्षरात शंभरेक नावं होती, गोणीत भरून गेलं आणि पुढे एका मुलाला दाखल्यासाठी ते हवं होतं तेव्हा गोणी सापडायला चार महिने लागले. पटावरची बरीच नावं त्या वर्षात गळाली, मुलींची जास्त. शाळेची इमारत बंद झाली म्हणून ती गळाली नाहीत. त्यांना हाताला धरून दोन सिग्नल पार करून द्यायला कुणी नव्हतं, म्हणून गळाली. त्यात मी पण आले. मी तेव्हा बदलीच्या ऑर्डरची वाट बघत होते.

म्हणून कोंडिविट्याच्या कुंडाबद्दल मी जरा जास्त हळवी होत असेन, तर माफ करा.

आता आपल्या घरातलं बघू. वस्ती उठून गेली तर मशिदीचं काय, हा प्रश्न आपल्या फकीहांनाही पडला होता, आणि त्यांचं एकमत नाही. हनफी मजहबात इमाम अबू यूसुफ म्हणतात की एकदा मशीद झाली की ती कयामतपर्यंत मशीदच, गाव ओस पडलं, नमाजी उरला नाही तरी. इमाम मुहम्मद म्हणतात की वस्ती उठली आणि तिचा उपयोगच राहिला नाही तर जागा वक्फ करणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे परत जाते. दोघेही इमाम अबू हनीफांचे शागिर्द, तरी एवढा फरक. फतवा सहसा अबू यूसुफांच्या मतावर देतात. कोकणातले आपण बरेच शाफई. शाफई मतही मशीद विकू देत नाही. हंबली मात्र सांगतात की निरुपयोगी झालेली मशीद विकून त्या पैशातून दुसरीकडे मशीद करता येते. त्यांचा दाखला हजरत उमर (रजि.) यांचा. कूफ्याच्या बैतुलमालमध्ये चोरी झाली तेव्हा त्यांनी लिहून पाठवलं की खजूरवाल्यांच्या बाजारातली मशीद हलवा आणि बैतुलमाल मशिदीच्या किबल्याच्या बाजूला ठेवा, कारण मशिदीत कुणी ना कुणी नमाजी असतोच. इब्न कुदामा यांनी ‘अल-मुगनी’त हा दाखला दिलाय.

मला यात दोन वेगळे स्वभाव दिसतात. एक म्हणतो, जागा सोडायची नाही. दुसरा म्हणतो, जमात जिथे आहे तिथे मशीद हवी. कोंडिविट्याचा पाद्री दुसऱ्या स्वभावाचा होता. 6 डिसेंबर 1992 ज्यांनी पाहिलाय, त्यांच्यात पहिला स्वभाव बळावला तर त्यात नवल नाही. जबरदस्तीने घेतलेली जागा आणि आपण होऊन सोडलेली जागा या एक नाहीत, हेही मला माहीत आहे. मी बाईमाणूस. आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत मी आत कधी गेलेली नाही, बायकांसाठी तिथे जागाच नाही. माझी मशीद म्हणजे खिडकीतून येणारी अजान. तरी त्या मशिदीची एक भिंत पावसात खचली तेव्हा माझा जीव कासावीस झाला होता. मग जिथे आपण स्वतः गुडघे टेकले, जिथे आपल्या बापाला शेवटचं ठेवलं होतं, ती जागा बंद होताना बाईमाणसाचं काय होत असेल?

आणखी एक गोष्ट. कोंडिविट्याचं चर्च ज्यांच्या नावाचं होतं ते संत जॉन बाप्तिस्त म्हणजे आपले हजरत यह्या (अ.). जकरिया (अ.) यांना म्हातारपणी झालेला मुलगा, हजरत ईसांच्या आधी आलेला नबी. आपल्या घराघरात यह्या नावाची पोरं आहेत. अंधेरीत यह्या (अ.) यांच्या नावाची एक जागा रानात पडलीय आणि आपल्याला माहीतही नाही.

त्यांच्याच नावाचं दुसरं एक चर्च दमिश्कला होतं, आणि तेही बंद झालं. तिथे बंद करणारे आपण होतो. मुसलमानांनी दमिश्क घेतलं तेव्हा शहराच्या मधोमध संत जॉनचं मोठं चर्च होतं. सत्तरेक वर्षं एकाच आवारात ख्रिस्ती लोक चर्चमध्ये आणि मुसलमान त्यांच्या जागेत इबादत करत राहिले. मुसलमान वाढले, जागा पुरेना. 9व्या शतकातला इतिहासकार बलाझुरी सांगतो की मुआविया यांनी चर्च मागितलं, ख्रिस्ती लोक नाही म्हणाले, त्यांनी सोडून दिलं. अब्दुल मलिकने पैसे देऊ केले, ते नाही म्हणाले. मग वलीदने विचारणं बंद केलं. कुणी तरी त्याला म्हणालं की हे चर्च पाडणारा वेडा होतो, तर त्याने स्वतःच कुदळ हातात घेतली. 715च्या सुमाराला तिथे उमय्या मशीद उभी राहिली, जगातल्या सर्वांत देखण्या मशिदींपैकी एक. आत आजही यह्या (अ.) यांची मजार आहे, आणि ख्रिस्ती लोकही तिथे येतात.

पण बलाझुरीची गोष्ट इथे संपत नाही. थोड्याच वर्षांनी उमर बिन अब्दुल अझीझ खलीफा झाले. दमिश्कचे ख्रिस्ती लोक त्यांच्याकडे गाऱ्हाणं घेऊन गेले, आणि त्यांनी चक्क हुकूम दिला की जे घेतलं ते परत करा. दमिश्कच्या मुसलमानांना धक्का बसला. जिथे अजान झाली, नमाज झाली, ती मशीद पाडून चर्च करायचं? दोन्ही बाजू बसल्या. शहराबाहेरच्या घूता भागातली जी चर्चं मुसलमानांच्या ताब्यात गेली होती, ती ख्रिस्ती लोकांना परत करायची आणि त्यांनी संत जॉनच्या चर्चवरचा दावा सोडायचा, असं ठरलं. खलीफाने ते मान्य केलं.

आमच्या मदरशांत, शाळांत उमय्या मशिदीचा फोटो दाखवतात, उमर बिन अब्दुल अझीझ यांच्या साधेपणाचे किस्से सांगतात. हा किस्सा मी कधी ऐकला नाही, स्वतः वाचला तेव्हा कळला. खलीफाने त्या जमातीचं नुकसान पूर्ण भरून दिलं का? नाही. चर्च गेलं ते गेलं. पण तिचं गाऱ्हाणं गाऱ्हाणं आहे, हे त्याने मानलं. सूरह हज्जमध्ये मठ, चर्च, यहुद्यांची प्रार्थनास्थळं आणि मशिदी यांचा एकाच आयतीत उल्लेख आहे, अल्लाहचं नाव घेतलं जातं त्या जागा म्हणून. ती आयत आपण मशिदीपुरती वाचतो.

लंडनच्या ब्रिक लेनवर एक इमारत आहे. 1743 साली फ्रान्समधून छळामुळे पळून आलेल्या प्रोटेस्टंट लोकांनी ती चर्च म्हणून बांधली. त्यांची पोरं शहरात मिसळून गेली, मग ती मेथॉडिस्ट ख्रिस्ती लोकांकडे गेली. 19व्या शतकाच्या अखेरीला पूर्व युरोपातून पळालेल्या यहुद्यांनी तिथे सिनेगॉग केलं. तेही पुढे दुसऱ्या भागात राहायला गेले. 1976 पासून ती बांगलादेशी मुसलमानांची जामे मशीद आहे. भिंतीवर 1743चं सूर्यघड्याळ अजून आहे, त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय की आपण सावली आहोत. कुणी ते खरवडून काढलं नाही. उद्या त्या बांगलादेशी घरांतली पोरंही लांबच्या उपनगरात घरं घेतील, तेव्हा तिथला इमाम काय करेल? याचाही व्हिडिओ कुणी तरी बनवेल.

कोंडिविट्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. वस्ती गेली तरी शेतं होती. ती औद्योगिक वसाहतीसाठी गेली, 1973 मध्ये सीप्झ सुरू झालं, आणि चर्च निर्यातक्षेत्राच्या कुंपणाच्या आत आलं. आता आत जायचं तर पास लागतो. जी जमात 1840 मध्ये आपण होऊन निघाली होती तिला जुन्या जागी परत यायचं असेल तर तिला गेटवर परवानगी मागावी लागते. वर्षातून एकदा, मे महिन्यात, ती मिळते. त्या दिवशी ईस्ट इंडियन लोक आत जातात, पडक्या भिंतींच्या मध्ये टेबल मांडून वेदी करतात आणि मिस्सा होते. संत जॉन बाप्तिस्त यांचा सण खरं तर 24 जूनचा, पण छप्पर नसलेल्या चर्चमध्ये मुंबईच्या जूनमध्ये कोण उभं राहणार.

आमच्या इमारतीत एक ईस्ट इंडियन आंटी राहतात, सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या सासरचं घराणं मूळ कोंडिविट्याचं. चर्चला त्या ‘देऊळ’ म्हणतात. मी एकदा त्यांना विचारलं, “आंटी, तुमचं मरोळचं चर्च एवढं चांगलं आहे, मग उन्हात त्या पडक्या जागी का जाता?”

त्या म्हणाल्या, “टीचर, मरोळला आम्ही देवाला भेटाला जातो. तिथं आम्ही आमच्या माणसांना भेटाला जातो. ती तिथंच हायेत ना, त्यांना कोण घेऊन आला?”

खरं आहे. वेदी नेली, मूर्ती नेल्या, कुंड नेलं. साथीत मेलेले मात्र तिथेच राहिले, कोंडिविट्याच्या मातीत, आता सीप्झच्या मातीत. त्यांना हलवता येत नाही, कुठलाही पाद्री, कुठलाही मौलवी ते करू शकत नाही. जिवंतांना मात्र वर्षातून एकदा तिथे नेऊन आणता येतं.

यंदाच्या मेमध्ये मी आंटींना विचारलं, मला येता येईल का. त्या म्हणाल्या, नाव आधी द्यावं लागतं, आधार कार्ड लागतं. मी म्हटलं, “नाव बघून गेटवाला काही म्हणाला तर?” त्या हसल्या. “त्याला सांग, यह्याकडे चाललीय. तुमच्यात यह्याच म्हणतात ना?” हे नाव त्यांना मीच कधी तरी सांगितलं होतं, मी विसरले होते.

त्या रविवारी नेमकं माझ्या भाच्याचं लग्न निघालं. आंटी परत आल्या तेव्हा साडीच्या काठाला कुसळं लागली होती आणि हातात रुमालात बांधलेली थोडी माती होती. खिडकीतल्या तुळशीसारख्या एका कुंडीत ती टाकून त्यांनी पाणी घातलं, आणि मला म्हणाल्या की पुढच्या वर्षीसाठी नाव एप्रिलमध्येच देऊन ठेव.